एक मे : योगायोग किती, ठरवून किती?

प्रश्न : महाराष्ट्र दिन १ मे, कामगार दिन १ मे आणि आमच्या जालना जिल्ह्याची स्थापनाही १ मेचीच. एकाच तारखेला इतक्या गोष्टी कशा येतात? हा निव्वळ योगायोग समजायचा का?
– एक वाचक, परतूर

उत्तर : नाही. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींची तारीख माणसांनी ठरवलेली आहे. पण खरे योगायोगही १ मेच्या वाट्याला पुष्कळ आले आहेत, ते आधी पाहू.

वर्षात तारखा फार तर ३६६ आणि इतिहास हजारो वर्षांचा. तेव्हा प्रत्येक तारखेला काही ना काही घडलेलं असणारच. १७०७च्या १ मेला इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य झालं. १८४०ला ब्रिटनमध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. १८९७ला स्वामी विवेकानंदांनी कोलकात्यात रामकृष्ण मिशन स्थापन केलं. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. अवघे २३ जण एकत्र आले तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. मग इतिहासात तारखा जुळल्या तर नवल नाही.

आता ठरवून झालेल्या गोष्टी. आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतल्या कामगारांनी १ मे १८८६ला संप पुकारला. पुढे १८८९ला पॅरिसच्या समाजवादी परिषदेने हाच दिवस जगभरच्या कामगारांसाठी मुक्रर केला. १९६०ला द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दिवशी अस्तित्वात आले, कारण संसदेच्या कायद्याने तसं ठरवलं होतं. त्यानंतर राज्य सरकार नव्या कारभारासाठी हा दिवस पुन्हापुन्हा निवडत गेलं. जिल्हा परिषदा १ मे १९६२ला सुरू झाल्या. अंतुले मुख्यमंत्री असताना १ मे १९८१ला जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे झाले. १ मे १९९९ला हिंगोली आणि गोंदिया. अर्थात हा नियम नव्हे. लातूर १९८२च्या ऑगस्टमध्ये झाला, तर पालघर १ ऑगस्ट २०१४ला.

परतूरसाठी ही तारीख दुहेरी मोलाची आहे. निजामाच्या राजवटीत जन्मलेल्या परतूरकराने घर न बदलता किती कारभार पाहिले बघा : १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली, मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्र. पुढे १ मे १९८१ला जिल्हाही बदलला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले. परतूर मात्र परभणीतून. त्याच परभणीतून १९९९च्या १ मेला हिंगोली वेगळा झाला.

घरात १९८१च्या आधीचा शाळेचा दाखला किंवा खरेदीखत असेल तर काढून बघा. त्यावर ‘तालुका परतूर, जिल्हा परभणी’ असं लिहिलेलं सापडेल. तो कागद लॅमिनेट करू नका, कोरड्या जागी सुटा जपून ठेवा. तुमच्या गावाच्या इतिहासाचा तो अस्सल पुरावा आहे. आणि रोजचं दिनविशेष वाचताना एक प्रश्न जरूर विचारा : ही तारीख आपोआप आली, की कुणी ठरवली? ठरवलेली असेल, तर ती कुणी आणि का ठरवली हे शोधण्यातच इतिहासाचा खरा अभ्यास आहे.