ऊन पाठीशी, वारा पाठीशी

कोकण किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांकडे एक ठरलेला फोटो असतो. पांढुरकं आभाळ आणि मधोमध काळा ठिपका. विचारलं तर सांगतात, ‘समुद्री गरुड आहे, फार उंच होता.’ पुढचं वाक्यही ठरलेलंच: ‘सहाशेची लेन्स पाहिजे होती.’ सहाशेच्या लेन्सने ठिपका मोठा आला असता, पण काळाच. उभं कुठं राहायचं आणि किती वाजता, हे आधी ठरवा. लेन्सचं नंतर बघू.

समुद्री गरुड ओळखायला सोपा आहे. डोकं, छाती, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखी, पंखांची कडेची पिसं काळी, शेपटी आखूड आणि पाचरीच्या आकाराची. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर. तरंगताना पंख आडवे सपाट न ठेवता वर उचललेले असतात. ही खूण लांबूनही चुकत नाही. लहान वयाचा पक्षी मात्र तपकिरी असतो आणि पांढरा पोशाख अंगावर यायला चार-पाच वर्षं जातात.

आता जागा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे बघत उभं राहिलं की सूर्य आपसूक पाठीशी येतो. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात. मोठा पक्षी वाऱ्याला तोंड देऊन संथ होतो, म्हणजे पाण्यावरचा गरुड किनाऱ्याकडे, तुमच्याकडे तोंड करून येतो. ऊन कोवळं आणि तिरपं असल्याने पंखांची खालची बाजूही उजळते. या वेळी तो फार उंच नसतो, माशांच्या मागे असतो. पहिले चांगले फोटो इथेच मिळवा.

ऊन चढलं की जमीन तापते, वारा फिरतो आणि खारे वारे सुरू होतात. ते सड्याच्या कड्यावर आदळून वर चढतात आणि त्या झोतावर गरुड पंख न हलवता कड्याच्या कडेकडेने जातो. रत्नदुर्ग किंवा आरे-वारेसारख्या ठिकाणी खाली वाळूवर उभं राहिलात तर त्याचं फक्त पोट दिसेल. वर, कड्याच्या सुरक्षित भागात थांबलात तर तो डोळ्यांच्या पातळीवरून जातो, क्वचित खालूनही. राखी पाठ, डोळा, चोचीचं वळण हे सगळं तेव्हाच मिळतं.

दुपारनंतर सूर्य समुद्रावर जातो आणि पश्चिमेचा फोटो बिघडतो. त्यावर तोड म्हणजे हिवाळा. डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत भर माध्यान्हीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर असतो. खाडीच्या किंवा पुळणीच्या दक्षिण टोकाला उत्तरेकडे तोंड करून थांबा. दुपारचे बरेच तास ऊन पाठीशी राहतं. मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारी हा उपाय चालत नाही. घरी आंबे खावेत.

कॅमेऱ्याचं गणित त्यामानाने थोडक्यात आटपतं. शटर १/२०००, ॲपर्चर एफ/७.१च्या आसपास, आणि आयएसओसुद्धा हातानेच ठरवलेला. ऑटो आयएसओ नको. गरुड आभाळावरून हिरव्या डोंगरासमोर आला की कॅमेरा गोंधळतो आणि पांढरं पोट जळून जातं. एक्स्पोजर ठरवायला त्याच उन्हात बसलेला बगळा शोधा. त्याचा पांढरा रंग आणि गरुडाच्या छातीचा पांढरा रंग जवळपास सारखाच. बगळ्याचा फोटो घेऊन पाहा, पांढऱ्या भागात ‘ब्लिंकी’ लुकलुकायला लागली की एक टप्पा कमी करा आणि मग हात लावू नका. ढगाळ आभाळ असेल, पक्षी थेट डोक्यावर असेल, तर एक ते सव्वा स्टॉप वाढवा. आभाळ पांढरं होईल, होऊ द्या.

फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर ठेवा. झूम लेन्स असेल तर आधी दोनशे-तीनशेवर पक्षी फ्रेममध्ये पकडा, फोकस लागला की मग पुढे जा. सराव करायला हर्णैसारखं मासळी बंदर उत्तम. हिवाळ्यात तिथे कुरव आणि ब्राह्मणी घारी भरपूर असतात.

घिरट्या घालणारा पक्षी एका लयीत फिरतो. वळताना तो आतल्या बाजूला झुकतो, त्यामुळे वर्तुळाच्या जवळच्या कडेला आला की पोट दिसतं आणि पलीकडच्या कडेला गेला की, तो फार डोक्यावर नसेल तर, पाठ. दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा, ऊन नेमकं कुठल्या वळणावर अंगभर पडतं ते हेरा आणि तेवढ्याच भागात बटण दाबा. कातळ तापला असेल तर त्यावरून लांबचा फोटो घेऊ नका. गरम हवेच्या लाटांनी पिसं विरघळतात आणि महागडी लेन्सही तिथे हात टेकते.

एडिटिंगसाठी रॉ फाइल हवीच. लाइटरूममध्ये पहिल्यांदा हायलाइट्स खाली आणून छातीवरची पिसं दिसतात का बघा. दिसत नसतील तर तो फोटो सोडून द्या. मग पक्ष्यापुरता मास्क करा आणि त्यातच सावल्या उचला. निळ्या आभाळाखालच्या पांढऱ्या पोटावर हटकून निळसर झाक असते. मास्कमध्ये निळ्याचं सॅच्युरेशन उतरवलं की पांढरं खरं पांढरं होतं. पंखांच्या काळ्या कडेला जांभळी रेघ आली असेल तर क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची खूण चालू करा. सपाट आभाळात सेन्सरवरची धूळ उठून दिसते, तीही पुसा. नॉइज कमी करायचा तो आभाळात सढळ हाताने, पिसांवर जपून. शार्पनिंग फक्त पक्ष्यावर. क्रॉप करताना उडण्याच्या दिशेला जागा ठेवा. आणि पक्षी लहानच आला असेल तर त्याला ओढूनताणून मोठा करू नका. कडा, लाटा आणि वर तो, असा फोटो मला तरी तपशिलाच्या हव्यासापेक्षा बरा वाटतो. आभाळ बदलू नका.

अपलोड करण्याआधी फाइलमधलं जीपीएस काढून टाका. हिवाळा हाच या गरुडाच्या विणीचा काळ. उंच झाडावरचं तेच घरटं तो वर्षानुवर्षं वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी-सिंधुदुर्गात या घरट्यांच्या नोंदी केल्या आहेत, पण ते अभ्यासाचं काम. फोटोखाली गावाचं नाव लिहायचं काही कारण नाही, ‘रत्नागिरी जिल्हा’ एवढं पुरे.