अंगणातली फरशी

पावसाळ्यात तुमच्या अंगणात पाणी साचते का? अंगणातली एखादी फरशी पाय ठेवताच हलते का? हलली की तिच्या फटीतून गढूळ पाणी उडते का? असे होत असेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

काही वर्षांपूर्वी औंढा नागनाथ येथे मी माझ्या घरासमोर फरशी बसवून घेतली. मे महिना होता. शाळेला सुट्टी होती आणि पाऊस येण्याआधी काम संपवायची मला घाई होती. अंगणातली माती वरवर सारखी केली, तिच्यावर दोन इंच वाळू पसरली आणि फरशी बसवली. अंगण कसे छान दिसू लागले! शेजारी येऊन पाहून गेले. मलाही अभिमान वाटला.

जुलैमध्ये दोन-तीन फरश्या वर उचलल्या गेल्या. काही खाली बसल्या. पाणी बाहेर जाण्याऐवजी दाराकडे येऊन साचू लागले. साचलेल्या जागी हिरवे शेवाळे धरले. एके दिवशी पहाटे अम्मी फजरच्या नमाजासाठी वुजू करायला बाहेर आल्या आणि त्यांचा पाय घसरला. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. पण चूक माझीच होती, हे मला ठाऊक होते.

पाऊस संपल्यावर मी एका वयस्कर मिस्त्रीकाकांना बोलावले. त्यांनी अंगण पाहिले आणि विचारले, "गुरुजी, फरशीच्या खाली काय आहे?"

"वाळू आहे, काका."

"आणि वाळूच्या खाली?"

"आपली काळी माती."

"मग फरशीला दोष देऊ नका," ते म्हणाले. "फरशी वर दिसते, पण ती टिकते खालच्या कामावर."

काकांचे हे वाक्य लक्षात ठेवा. आता त्याचा अर्थ समजून घेऊ.

काळ्या मातीचा स्वभाव

मराठवाड्याची काळी माती कापसाला फार चांगली. ती पाणी धरून ठेवते. पण हाच गुण बांधकामाला त्रासदायक ठरतो. ओली झाली की ही माती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या मोठमोठ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. अशा मातीवर फरशी बसवली, तर पावसाळ्यात ती वर उचलली जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. मुरमाचे तसे नसते. मुरूम ओला झाला तरी फारसा फुगत नाही आणि ठोकला की घट्ट बसतो. म्हणून आधी काळी माती काढावी आणि तिच्या जागी मुरूम भरावा.

फरशी येते कोठून?

आपल्या भागातला काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. औंढ्याचे यादवकालीन नागनाथ मंदिर अशाच काळ्या दगडात बांधलेले आहे. हा दगड कठीण व मजबूत असतो. पण त्याचे पातळ, सपाट पापुद्रे सहज निघत नाहीत. त्यामुळे घरोघरी जी फरशी दिसते, ती बहुधा शहाबादी असते. शहाबाद हे गाव कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तेथील दगड चुनखडीचा असून तो थराथरांनी बनलेला आहे. म्हणून त्याच्या सपाट लाद्या काढता येतात. 1948 पर्यंत शहाबाद आणि आपला मराठवाडा हे दोन्ही भाग हैदराबाद संस्थानात होते. 1956 मध्ये भाषेनुसार राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते वेगळ्या राज्यांत गेले. फरशी मात्र अजूनही आपल्या अंगणात येतेच!

'फरशी' हा शब्दही तुम्हांला परका नाही. उर्दूतील 'फर्श' तुम्ही रोज वापरता. दोन फरश्यांमधील फटीला मराठीत 'दरज' म्हणतात. उर्दूतही हा शब्द शिवण व फट या अर्थाने आहे. कापडाची दरज शिवणारा तो दर्जी. मिस्त्रीचा 'गुण्या' म्हणजे तुमचा 'गुनिया', काटकोन तपासण्याचे साधन.

काम कसे केले?

काकांनी सर्व फरश्या उचलून बाजूला रचल्या. न फुटलेल्या फरश्या पुन्हा वापरता येतात. मग दीड फूट खोल माती काढली. त्या खड्ड्यात त्यांनी पुढील थर घातले :

1. 12 इंच मुरूम. हा एकदम भरला नाही. 4 इंचांचा एकेक थर घालून, त्यावर पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकला.
2. 3 इंच काँक्रीट. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि आठ भाग खडी.
3. दीड इंच माल. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू.
4. दीड इंच जाडीची फरशी.

बेरीज करून पाहा. बरोबर 18 इंच, म्हणजे दीड फूट होतात. त्यांतले आपल्याला दिसतात ते फक्त वरचे दीड इंच.

अंगणाचा कोपरा काटकोनात आणण्यासाठी काकांनी दोरी घेतली. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण केली. त्या दोन खुणांमधील अंतर 5 फूट भरले, तेव्हा ते म्हणाले, "कोपरा बरोबर आहे." भूमितीच्या तासाला तुम्ही शिकता तो पायथागोरसचा सिद्धान्त हाच. 9 आणि 16 मिळून 25 होतात.

यानंतर महत्त्वाची गोष्ट म्हणजे उतार. उतार नेहमी घरापासून दूर असावा. दर 10 फुटांना दीड ते दोन इंच उतार पुरेसा असतो. आमचे अंगण 20 फूट लांब आहे. त्याला 4 इंच उतार दिला. त्यासाठी काकांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहते. त्यावरून कोणती जागा किती खाली आहे, हे कळते. अंगणाची फरशी घराच्या जोत्यापेक्षा निदान 6 इंच खाली असावी, म्हणजे भिंतीत ओलावा चढत नाही.

फरशीखाली माल सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. काही जण माल वाचवण्यासाठी फक्त चार कोपऱ्यांना गोळे ठेवतात. मग मधली जागा पोकळ राहते आणि जड वस्तू पडताच फरशी फुटते. बसवलेल्या फरशीवर हलकेच ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, तर ती उचलून पुन्हा बसवावी. काकांनी फरशीची खडबडीत बाजू वर ठेवली. घराबाहेर गुळगुळीत फरशी सुंदर दिसते, पण ओली झाली की धोक्याची ठरते.

भिंतीला फरशी घट्ट चिकटवू नये. उन्हाने फरशी थोडी प्रसरण पावते. तिला जागा मिळाली नाही, तर ती उचलली जाते. म्हणून भिंतीलगत बारीक फट सोडावी. शेवटी दरजा भराव्यात आणि निदान सात दिवस फरशीवर पाणी मारावे. सिमेंट पाण्यामुळेच पक्के होते.

अंगणात कडुनिंबाचे झाड आहे. त्याच्या बुंध्याभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवली. मुळांना पाणी आणि हवा मिळाली पाहिजे. पावसाचे थोडे पाणी जमिनीत मुरले, तर विहिरींनाही त्याचा फायदा होतो.

निगा कशी राखावी?

फरशी बसवली की काम संपले, असे नाही. पावसाळ्याआधी दरजा तपासाव्यात आणि मोकळ्या झालेल्या दरजा पुन्हा भराव्यात. पालापाचोळा साचू देऊ नये. पाणी जाण्याची वाट स्वच्छ ठेवावी. शेवाळे दिसताच खराट्याने व वाळूने घासून काढावे. शहाबादी फरशीवर अॅसिड कधीही टाकू नये. चुनखडीचा दगड अॅसिडने झिजतो. लिंबाच्या रसाचा थेंबही तिच्यावर पांढुरका डाग पाडतो. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. एखादी फरशी हलू लागली, तर ती लगेच बसवून घ्यावी. एका हलत्या फरशीतून पाणी आत शिरते आणि शेजारच्या फरश्याही सैल होतात.

नव्या कामाला कित्येक पावसाळे झाले. अंगणात आता पाणी साचत नाही. अम्मी आजही पहाटे वुजूसाठी बाहेर येतात. पहिले काही महिने त्या भिंतीला धरून चालत. आता भिंतीला हात लावत नाहीत. ते पाहिले, की काकांचा प्रश्न मला आठवतो. तुमच्या घरी फरशी बसवणार असतील, तर तिचा रंग विचारण्याआधी तुम्हीही तोच प्रश्न विचारा : "फरशीच्या खाली काय आहे?"

शब्दार्थ

शेवाळे – काई; भेग – दराड; उतार – ढलान; ओलावा – नमी; जोते – घराची कुर्सी; आकसणे – सिकुडना; धुम्मस – जमीन ठोकण्याचे जड साधन; माल – सिमेंट, वाळू व पाणी यांचे मिश्रण; निगा – देखभाल.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शहाबादी फरशी कोणत्या प्रकारच्या दगडाची असते?
(आ) अंगणाचा उतार कोणत्या दिशेला असावा?

2. कारणे लिहा.
(अ) लेखकाच्या अंगणातली पहिली फरशी बिघडली.
(आ) काकांनी फरशीची खडबडीत बाजू वर ठेवली.

3. 30 फूट लांब अंगणाला किती इंच उतार द्यावा?

4. 'अम्मी त्यांना एक शब्दही बोलल्या नाहीत.' त्या वेळी लेखकाला काय वाटले असेल? पाच-सहा वाक्ये लिहा.

5. उपक्रम : दोन करवंट्या घ्या. एकीत ओली काळी माती व दुसरीत ओला मुरूम दाबून भरा. चार दिवस उन्हात ठेवा. काय फरक दिसतो, ते वर्गात सांगा.