बिनतारी सबवूफर अबोल का होतो?

एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी मुलांना विज्ञानविषयक चित्रपट दाखविण्याचा परिपाठ आहे. पडद्याखाली भिंतीवर एक लांबट, अरुंद ध्वनिक्षेपक बसविलेला आहे. त्यास साउंडबार म्हणतात. सभागृहाच्या कोपऱ्यात जमिनीवर एक चौकोनी पेटी असते. ती सबवूफर होय. या दोहोंमध्ये तार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहास रंग देण्यात आला, सामान हलविले गेले व पुन्हा लावले गेले. पुढे जून महिन्यातील पहिल्याच खेळात असे आढळले की, निवेदकाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, परंतु ज्वालामुखीचा गडगडाट मात्र पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा वाजतो. कोपऱ्यातील पेटीवरचा लहानसा दिवा एकसारखा उघडझाप करीत होता. पेटी जळाली, आता नवी घेतली पाहिजे, असे कार्यकारी मंडळात जवळजवळ ठरलेच होते. बालविभागाच्या पुस्तकांसाठी राखून ठेवलेली रक्कम त्यात खर्ची पडणार होती.

पेटी जळालेली नव्हती. ती का अबोल झाली हे समजून घेण्यासाठी प्रथम ती तेथे कशासाठी असते हे पाहिले पाहिजे.

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. निरोगी तरुण माणसाच्या कानास दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. कंपनसंख्या जितकी कमी, तितका स्वर खालचा. खालचा स्वर मोठ्याने वाजवावयाचा तर पुष्कळशी हवा मागेपुढे ढकलावी लागते. त्यासाठी ध्वनिक्षेपकाचा पडदा रुंद असावा लागतो आणि त्याची हालचालही मोठी असावी लागते. साउंडबारची उंची चार-सहा बोटे. त्यात मावणारे पडदे फार तर वाटीच्या तोंडाएवढे. बोलणे, सतार, पक्ष्यांचे कूजन ही कामे त्यांच्याकडून उत्तम होतात. परंतु डग्ग्याचा घुमारा किंवा मेघगर्जना त्यांना पेलत नाही. म्हणून अगदी खालच्या स्वरांचा भाग वेगळा काढून तो मोठ्या पडद्याच्या स्वतंत्र पेटीकडे सोपविलेला असतो.

नावाविषयी एक गोष्ट येथेच सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत कुत्र्याच्या भुंकण्यास ‘वूफ’ म्हणतात, यावरून खालचे स्वर काढणारा ध्वनिक्षेपक तो ‘वूफर’. चिमणीच्या चिवचिवाटावरून वरच्या स्वरांचा तो ‘ट्वीटर’. ‘सबवूफर’ म्हणजे वूफरच्याही खाली उतरणारा. आपल्या संगीतात खालच्या सप्तकास मंद्र म्हणतात, तेव्हा ‘मंद्रपेटी’ हा शब्द प्रस्तुत लेखकास मोह घालीत होता. पण तो घेऊन दुकानात गेलेल्या मनुष्यास रिकाम्या हाताने परतावे लागेल, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.

ही पेटी खोलीत कोठेही ठेवली तरी फारसे बिघडत नाही, हे अनेकांस नवल वाटते. साध्या तापमानास ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४५ मीटर जातो. दर सेकंदास ५,००० कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी यावरून ७ सेंटिमीटरांच्या जवळपास येते. ५० कंपनांच्या ध्वनीची मात्र ७ मीटरांच्या जवळपास. आखूड लहरींना आपले डोकेसुद्धा अडथळा होते. एका कानाकडे त्या मोठ्या पोहोचतात, दुसऱ्याकडे क्षीण, आणि यावरून आवाज कोठून आला हे आपण ओळखतो. सात मीटरांच्या लहरीला डोके म्हणजे समुद्राच्या लाटेपुढे रोवलेली काठी! ती वळसा घालून दोन्ही कानांशी सारख्याच जोराने येते. कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून खालच्या स्वरांचीही दिशा मोकळ्या जागेत कळू शकते, हे लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखविले. परंतु बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लहरी त्यात मिसळून जातात आणि तो मागमूसही पुष्कळसा पुसला जातो. ऐकणारास वाटते, सारा आवाज पडद्याकडूनच येत आहे.

आता तारेचा प्रश्न. ‘बिनतारी’ या शब्दाने एक गैरसमज हटकून होतो. या पेटीस वीज हवेतून मिळत नाही. तिच्या पोटात स्वतःचा शक्तिवर्धक असतो व त्यास भिंतीवरील विजेच्या बटणाशी जोडणारी तार लागतेच. हवेतून येतो तो केवळ संदेश. तो रेडिओ लहरींच्या द्वारे येतो. बहुतेक घरगुती साधनांत या लहरींची कंपनसंख्या दर सेकंदास २४० कोटींच्या आसपास असते. काहींत ती ५०० कोटींच्या वर असते. २४० कोटी कंपनांच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. इतक्या आखूड रेडिओ लहरी आपल्या देशास नव्या नाहीत. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी अशा लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखविली होती. त्यांनी पुढे वापरलेल्या काही लहरी तर अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या होत्या.

२४० कोटींचा हा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी भारतात २००५ च्या नियमांन्वये परवान्यातून मुक्त आहे. जेथे दाराला कुलूप नाही तेथे गर्दी व्हावयाचीच. वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस ही सारी तेथेच बोलतात, आणि मायक्रोवेव्ह शेगडीही सुमारे २४५ कोटी कंपनांवर चालते. या कोलाहलात पेटीने आपल्याच साउंडबारचे ऐकावे कसे? त्यासाठी साउंडबारमधील प्रक्षेपकास एक ओळखक्रमांक दिलेला असतो. कारखान्यातच, किंवा नंतर जोडणीचे बटण दाबल्यावर, तो क्रमांक पेटीच्या स्मरणात नोंदला जातो. वीज सुरू होताच पेटी आपल्या पट्ट्यातील एकेक मार्गिका चाचपीत त्या क्रमांकाची हाक शोधते. हाक सापडेपर्यंत दिवा सामान्यतः उघडझाप करतो. सापडली की स्थिर होतो. रंगांचे संकेत प्रत्येक उत्पादकाचे निराळे असल्यामुळे यंत्रासोबतची पुस्तिका जपून ठेवणे इष्ट.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. जुन्या रेडिओवर केंद्र क्षीण झाले की खरखर वाढत असे, पण गाणे ओळखू येत असे. येथे ध्वनी अंकांच्या रूपाने लहान लहान गठ्ठ्यांत पाठविला जातो. प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळ्याचे अंक असतात आणि बिघडलेला गठ्ठा टाकून दिला जातो. त्यामुळे खरखर जवळपास नसते. असतो तो आवाज पूर्ण, नाही तर शून्य. मधूनमधून तुटणारा आवाज हे गर्दीचे किंवा अडथळ्याचे लक्षण. मुळीच न जुळणे हे बहुधा विजेचे, ओळखीचे, किंवा फार मोठ्या अडथळ्याचे.

वाचनालयात काय केले ते आता सांगतो. प्रथम दिवा पाहिला. तो लुकलुकत होता, म्हणजे वीज येत होती. दिवा मुळीच नसता तर भिंतीवरील बटण, प्लग व पेटीच्या पाठीमागे नीट न बसलेली तार पाहणे हे पहिले काम झाले असते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण रंगकामानंतर वीजच दिलेली नसणे हे काही दुर्मिळ नाही. नंतर दोन्ही यंत्रांचे प्लग काढून काही मिनिटे तसेच ठेवले. दूरनियंत्रकाने बंद केलेले यंत्र पूर्ण बंद नसते, ते अर्धवट जागे राहते, आणि त्याच्या स्मरणात अडकलेली चूक वीज तुटल्यावाचून जात नाही. प्लग पुन्हा लावले. दिवा पूर्ववत लुकलुकू लागला.

येथे लोक सहसा जोडणीचे बटण दाबू लागतात. आमच्या मते त्यापूर्वी एक सोपा प्रयोग अवश्य करावा: पेटी उचलून साउंडबारपासून एक मीटर अंतरावर आणावी. रेडिओ लहरींची तीव्रता मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येते. तेव्हा एका मीटरावर हाक आठ मीटरांच्या मानाने चौसष्टपट मोठी असते. इतक्या जवळही ओळख पटत नसेल तर दोष यंत्रांत किंवा त्यांच्या स्मरणात. पटली तर दोष वाटेत. या एका प्रयोगाने निम्मी कारणे बाजूला पडतात.

वाचनालयातील पेटी जवळ आणून प्लग लावताच काही क्षणांत दिवा स्थिर झाला आणि ज्वालामुखी गरजला. मग लांब तार जोडून ती हळूहळू मागे नेली. कोपऱ्याजवळ येताच दिवा पुन्हा लुकलुकू लागला. तेथे सुट्टीत एक नवे लोखंडी कपाट आले होते, पुस्तकांनी खच्चून भरलेले, आणि पेटी त्याच्या मागे सरकविली गेली होती. शिवाय वाय-फायचे नवे यंत्र साउंडबारला चिकटून बसविले होते. वीतभर लांबीच्या लहरींपुढे पुरुषभर उंचीचा पत्रा म्हणजे भिंतच. त्याच्या मागे दाट छाया पडते. ध्वनीच्या सात मीटर लांबीच्या लहरींना तेच कपाट जवळजवळ नसल्यासारखे. म्हणून पेटी पूर्वी तेथे नेऊन ठेवताना कोणास शंका आली नाही: कानाच्या दृष्टीने जागा योग्यच होती, रेडिओच्या दृष्टीने ती तळघरासारखी होती.

कपाट हलविणे कठीण, पेटी हलविणे सोपे. ती समोरच्या भिंतीशी ठेवली, वाय-फायचे यंत्र दोन मीटर दूर नेले. कोपऱ्यातील दोन भिंतींचा आधार सुटल्याने घुमारा थोडा उतरला, तो दूरनियंत्रकावर सबवूफरची पातळी वाढवून भरून काढला. खर्च शून्य.

शाळांतून हे तत्त्व सहज दाखविता येईल. मोबाइलवरून ब्लूटूथने एखाद्या लहान ध्वनिक्षेपकावर गाणे लावावे आणि मोबाइल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून काही पावले दूर जावे. गाणे अडखळू लागते किंवा बंद पडते. झाकण सैल असल्यास फटीतून लहरी निसटतात व गाणे चालूच राहते. तोही प्रयोगाचाच भाग समजावा.

एक मीटरावरही दिवा स्थिर झाला नाही, तर मात्र जोडणीचे बटण. ते बहुधा पेटीच्या पाठीमागे असते. पुस्तिकेत सांगितले असेल तितके सेकंद ते दाबून धरावे आणि साउंडबारलाही त्याच्या रीतीने जोडणीच्या स्थितीत आणावे. क्रम चुकला तर एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत नाही. साउंडबारची आज्ञावली अद्ययावत केल्यानेही कधी कधी काम होते. दुसऱ्या बनावटीची पेटी आणून जोडण्याचा खटाटोप मात्र सहसा व्यर्थ जातो. प्रत्येक उत्पादकाची बोली निराळी असते. दिवा स्थिर असूनही पेटी गप्प असेल तर जोडणी ठीक आहे असे समजून पातळी शून्यावर नाही ना, रात्रीचा मंद आवाज निवडलेला नाही ना, हे पाहावे. आणि नुसत्या संभाषणाऐवजी तबला किंवा ढोल लावून परीक्षा करावी, कारण बोलण्यात या पेटीसाठी फारसे काही नसतेच.

पेटी स्वतः उघडू नये. आतील धारित्रांत प्लग काढल्यानंतरही विद्युत्‌भार राहतो व तो धोकादायक असतो. दुरुस्तीस नेताना साउंडबार व पेटी दोन्ही न्यावीत. एकट्या पेटीची परीक्षा दुकानदारास करता येत नाही. सोबत कागदावर दोन्हींचे बनावट-क्रमांक, दिव्याचा रंग, तो लुकलुकतो की स्थिर, आणि एक मीटरावरील प्रयोगात काय घडले, एवढे लिहून द्यावे.