उलट्या आट्याची गिटार

पहिलं स्टायपेंड खात्यावर पडलं म्हणून लगेच गिटार घ्यायला नवी पेठेत पळू नकोस. बस जरा, चहा घे. चिंचोळीत टॉवेलच्या मागांवर फिटरकी करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. आपल्या घरात माझ्यानंतर डावरी निघालीस ती तूच, म्हणून सांगतो.

तुमच्या वर्कशॉपात बेंच ग्राइंडर आहे ना? त्याच्या डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो. तिथं साधा नट बसवला तर चाक फिरता फिरता सैल होणार. सायकलच्या डाव्या पायडलचंही तेच. म्हणजे उलटी वस्तू मुळातच उलटी घडवावी लागते, सुलटी फिरवून चालत नाही. हे ज्ञान मला कारखान्यात रोज होतं, पण गिटार घेताना कुठं गेलं कोण जाणे! दुकानदार म्हणाला, "तारा उलट्या लावून देतो, काय फरक पडतोय?" मी मान डोलावली आणि उजव्या हाताची गिटार घेऊन आलो.

फरक पडला. गळ्याच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यातल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तारेच्या खाचेत बारीक तार गेली ती खुळखुळायला लागली, आणि बारीक खाचेत जाड तार बसेचना, वरच तरंगत राहिली. माझ्याकडे कानसी होत्या, नवी पट्टी घासून बसवली. खाली सॅडलशी मात्र हात टेकले. सॅडल म्हणजे तारा खाली टेकतात ती पट्टी. ती तिरपी असते, जाड तारेला किंचित जास्त लांबी मिळावी म्हणून. तारा उलटल्या की तिरपेपणाही उलटा पडतो. मोकळ्या तारा सुरात, पण वर बाराव्या फ्रेटपर्यंत गेलं की जाड तार चढी आणि बारीक उतरी. वर्षभर मला वाटायचं, आपला कानच बेसूर आहे.

कुणीतरी तुला जिमी हेंड्रिक्सचं उदाहरण देईलच. तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा, हे खरं. पण ती इलेक्ट्रिक होती, फेंडर स्ट्रॅटोकास्टर. तिच्यात प्रत्येक तारेचं सॅडल स्क्रूनं वेगळं मागंपुढं सरकवता येतं. अकूस्टिकमध्ये एकच पट्टी, खाचेत घट्ट बसवलेली.

आता मुळात डावी गिटार तुला लागते का, ते ठरव. लिहिण्याचा हात बघू नको. झाडू घे, गिटारसारखा धर, आवडीचं गाणं लाव आणि डोळे मिट. ताल धरून झाडू छेडायला कोणता हात आपसूक पुढं येतो? उजवा आला तर सरळ उजवी घे. मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजवी वाजवतो. दुकानात शंभर पर्याय मिळतील, मैत्रिणीची गिटारही हातात घेता येईल. पण डावा आला, तर "सगळे असंच शिकतात" म्हणणाऱ्या क्लासवाल्याचं ऐकू नको.

डावी गिटार दुकानात एखादी असते नाहीतर नसतेच, म्हणून आधी फोन कर. ऑनलाइन मागवणार असशील तर परत करायची मुदत वाच आणि फोटो नीट बघ. गिटार समोर उभी असेल तर जाड तारा तुझ्या उजव्या बाजूला आणि पिकगार्ड डाव्या बाजूला दिसायला हवं. काही महाभाग उजव्या गिटारचाच फोटो आरशासारखा पलटून टाकतात. डोक्यावरचं कंपनीचं नाव वाच, अक्षरं उलटी असतील तर सोडून दे. गळ्याच्या कडेवरचे बारीक ठिपकेही वाजवणाऱ्याच्या डोळ्यांकडे हवेत. माझ्या गिटारचे जमिनीकडे होते.

हातात आली की माझा फिलर गेज काढू. पहिला आणि चौदावा फ्रेट तू दाब, मी मधे सहाव्या-सातव्याशी पातं घालतो. ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट ठीक. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असू दे. चार असेल तर बोटं रडतील आणि महिन्यात गिटार माळ्यावर जाईल. तारा १० नंबरच्या, बारीक लाव.

अखंड लाकडाच्या पाटीचा हट्ट पहिल्याच गिटारीला नको. आवाज तिचा सुरेख असतो, कबूल. पण गिटारला ४५ ते ५५ टक्के दमट हवा मानवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात तिथं लाकडाचं काय घेऊन बसलीस! पंढरपूर भागातले भोपळे वाळून मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. त्या भोपळ्यांना आपलं ऊन सोन्यासारखं, तयार गिटारला तेच काळ. तेव्हा थर चिकटवलेली पाटी बरी, ती जरा सोसते. कंपनीच्या पार्किंगच्या पत्र्याखाली मात्र तीही ठेवू नको. उन्हानं सरस मऊ पडतो आणि तारांच्या ओढीनं ब्रिज उचलतो.

शनिवारी माझी पहिली पाळी आहे, चारनंतर येतो. उजव्या हाताची नखं कापून ठेव, कारण तारा आता त्याच हातानं दाबायच्या. पहिले पंधरा दिवस त्या बोटांची टोकं हुळहुळतील, आणि जेवतेस तू उजव्याच हातानं. शेंगाचटणी झोंबेल. चमचा घे.