ईमेलचा पत्ता आणि उत्तराची परतवाट

हुलसूरला कसे यावे, असे कोणी विचारले तर बसवकल्याणचा मनुष्य एक वाट सांगेल आणि भालकीचा दुसरी. दोन्ही वाटा खऱ्या. परंतु एकाच्या खुणा दुसऱ्याच्या उपयोगाच्या नव्हेत. उलट लिफाफ्यावर 'हुलसूर, जिल्हा बीदर, कर्नाटक' असे लिहिले की पत्र पुण्यात टाका वा कोलकात्यात, ते येथेच येते. वाट आणि पत्ता यांतील हा भेद ध्यानी घेतल्यास संगणकीय टपालाच्या आरंभकाळी उत्तरे का हरवत, हे आमच्या विद्यार्थ्यांस सहज उमगेल.

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये मनुष्याचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. 'अमक्या यंत्रावरील अमुक' असा त्याचा अर्थ. परंतु सारे संगणक एकाच जाळ्यात नव्हते. कित्येक यंत्रे ठराविक वेळी, बहुधा रात्री, एकमेकांस टेलिफोन करून साठलेली पत्रे पुढच्याच्या हवाली करीत. तेथे लिहिणारालाच सारी वाट लिहावी लागे. समजा, 'पुणे!मुंबई!दिल्ली!रमा'. येथे उद्गारचिन्हाचा उद्गाराशी काही संबंध नाही. 'येथून पुढे' एवढेच ते सांगते.

उत्तर द्यावयाचे तर हीच वाट उलटी चालावी, अशी कल्पना. घोटाळा होई तो तेथेच. मधले एखादे यंत्र बंद असे. कधी एकाच नावाची दोन यंत्रे निघत. मिश्र पत्ता तर फारच फसवा. 'मुंबई!रमा@दिल्ली' हे वाचून एक यंत्र पत्र आधी दिल्लीस धाडी, तर दुसरे आधी मुंबईस. अशा वेळी @ या चिन्हास अग्रमान द्यावा, असा नियम १९८६ मध्ये लिहिला गेला. त्याहून वाईट गोष्ट अशी की, 'पत्ता सापडला नाही' हा निरोपही त्याच मोडक्या वाटेने परतावयाचा! तो हरवला की एकाला वाटे आपण उत्तर दिले, आणि दुसऱ्याला वाटे आपणांस कोणी विचारीत नाही. आमच्या मते त्या व्यवस्थेचा खरा दोष हाच होय.

आपल्या देशात १९८६ मध्ये 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनाचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. आरंभी मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनवरून अशी पत्रे जाऊ लागली. पुढे त्याच केंद्रातून अमेरिकेशीही टपाल सुरू झाले. सामान्य जनतेस मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

वाटेच्या जागी खरा पत्ता आला तो १९८३ मध्ये आखलेल्या नावांच्या पद्धतीमुळे. टपाल वेगळे करणारा जसा आधी राज्य व जिल्हा पाहतो आणि मग गाव, तसे यंत्र पत्त्यातील @ नंतरचा भाग उजवीकडून डावीकडे वाचते. शेवटचे '.इन' म्हणजे भारत. ही खूण १९८९ मध्ये नोंदली गेली. आता वाट शोधण्याचे काम यंत्राकडे आहे. घरी आलेल्या एखाद्या ईमेलचा मूळ मजकूर मोठ्यांच्या मदतीने उघडून पाहावा. वरच्या भागात, मार्गातील प्रत्येक यंत्राने टपालकचेरीच्या शिक्क्याप्रमाणे आपले नाव व वेळ नोंदलेली आढळेल. सर्वांत जुना शिक्का तळाशी असतो. म्हणून तो मजकूर खालून वर वाचावा.