माणसाविना चंद्रफेरी

माणसाला चंद्राकडे पाठविण्यापूर्वी यान निर्धोक आहे, याची खात्री करून घ्यावी लागते. त्यासाठी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी 'ओरायन' हे यान अंतराळवीरांविना चंद्राकडे धाडले. या मोहिमेचे नाव 'आर्टेमिस-१'. यानातील आसनांवर माणसांऐवजी पुतळे बसविले होते. त्यांच्यावरील उपकरणांनी हादरे व किरणोत्सर्ग यांची नोंद केली.

चंद्राभोवती फिरून ११ डिसेंबर रोजी यान प्रशांत महासागरात उतरले. परतताना त्याचा वेग ताशी सुमारे ४०,००० किलोमीटर होता. एवढ्या वेगाने वातावरणात शिरताना समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. तळाचे उष्णतारोधक कवच स्वतः जळत जाऊन आतील भागाचे रक्षण करते. यान सुखरूप परतले. परंतु कवचाचा जळालेला थर शंभराहून अधिक ठिकाणी अनपेक्षितपणे निखळलेला आढळला. कवचात साठलेल्या वायूंना बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने त्याला तडे गेले होते, असे तपासात दिसून आले. म्हणून अंतराळवीरांना घेऊन जाणाऱ्या पुढील मोहिमेसाठी परतीचा मार्ग बदलण्याचे २०२४ मध्ये ठरविण्यात आले.

हा दोष प्रकट झाला, तेव्हा यानात कोणीही नव्हते. चाचणीचे खरे मोल यातच आहे.