दिसते म्हणणारे आणि पाहणारे
बायबल अभ्यास. शास्त्रभाग: योहान ९:१-४१



या अंकातील अभ्यासासाठी आपण जन्मांध मनुष्याचा अध्याय घेऊ या. संडे स्कूलपासून आपण तो ऐकत आलो आहोत, म्हणून तो पाठ आहे असे वाटते. अभ्यासाला बसण्यापूर्वी पूर्ण अध्याय एकदा मोठ्याने वाचावा ही विनंती. आंधळ्याला दृष्टी मिळते ती पहिल्या सात वचनांतच. उरलेली चौतीस वचने, ज्यांना आधीपासून दिसत होते त्या लोकांविषयी आहेत. शेजारी, आईबाप, परूशी, सभास्थानातील पुढारी, हे सगळे डोळस होते. म्हणून हा अध्याय मुख्यतः आपल्यासारख्या लोकांसाठी लिहिला आहे असे मी मानतो.

१. शिष्यांचा प्रश्न (वचने १-५)

रस्त्याच्या कडेला आंधळा बसलेला पाहून शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो दोष कोणाचा हा. पाप याचे की याच्या आईबापाचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली आणि या माणसाच्या जीवनात देवाचे कार्य प्रकट व्हायचे आहे असे सांगितले. शिष्य मागे पाहत होते, प्रभू पुढे पाहत होता.

सातपुड्यातील पाड्यांवर काम करताना हाच प्रश्न आम्हाला वेगळ्या रूपात भेटतो. घरातले लेकरू संध्याकाळ झाली की चाचपडू लागते, ताटातली भाकर त्याला सापडत नाही. मग कोणी केले याचा शोध सुरू होतो. कधी कधी बोट एखाद्या एकट्या विधवेकडे जाते आणि तिला डाकीण ठरवले जाते. अशी बाई गावात दिवस कसे काढते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येत नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे आरोप करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि ते योग्यच झाले. पण कायद्याबरोबर खरे कारणही लोकांना सांगावे लागते. त्या लेकराला बहुधा रातांधळेपणा असतो आणि तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत मिळणारा डोस, शेवग्याचा पाला, पपई, पिवळा भोपळा, एवढ्याने पुष्कळ लेकरांचे डोळे वाचतात.

आता आपल्याकडे पाहू. एखादे कुटुंब संकटात सापडले की मंडळीतसुद्धा कुजबुज होते, यांच्या घरात काहीतरी पाप असेल. शब्द निराळे आहेत, प्रश्न शिष्यांचाच आहे. दुसऱ्याच्या दुःखात प्रथम दोष शोधणे हे आंधळेपणाचे पहिले लक्षण आहे.

२. चिखल आणि शिलोहाचे तळे (वचने ६-७)

प्रभूने थुंकीने चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला आणि शिलोह तळ्यात जाऊन धुण्यास सांगितले. शिलोह याचा अर्थ पाठवलेला असा योहान मुद्दाम देतो, कारण याच शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला पित्याने पाठवलेला असे पुन्हा पुन्हा म्हणतो. हे तळे कल्पनेतले नाही. हिज्कीया राजाच्या काळी खडकातून खोदलेल्या भुयारातून गीहोन झऱ्याचे पाणी तेथे येत असे. २००४ मध्ये यरुशलेमात सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या.

त्या मनुष्याने जाण्यापूर्वी काही विचारले नाही. डोळ्यांवर ओला चिखल घेऊन तो आंधळाच निघाला आणि पाहत परत आला. आधी दिसू दे मग जातो, असे तो म्हणाला असता तर तळ्यापर्यंत पोहोचलाच नसता. विश्वासाची पहिली पायरी बहुधा अंधारातच चढावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रभूने त्याला दृष्टी देताना कोणतीही अट घातली नाही. विश्वासाचा प्रश्न त्याने पुष्कळ पुढे, पस्तिसाव्या वचनात विचारला. आमच्या कामासाठी हा नियमच आहे. डोळ्यांच्या शिबिरात येणारा कोणत्या देवाला मानतो हे विचारले जात नाही, विचारू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे तारणाचे आमिष नव्हे. प्रीती बदल्यात काही मागू लागली की ती सौदा होते. आपल्याविषयी कोणी विचारले तर साक्ष द्यायला मात्र आपण लाजू नये.

३. त्याची दृष्टी वाढत गेली (वचने ८-३८)

डोळे एका क्षणात उघडले, पण मनाची दृष्टी पायरीपायरीने उघडली. पेन्सिल घेऊन ही वचने अधोरेखित करावीत. अकराव्या वचनात तो येशूला केवळ एक मनुष्य म्हणतो. सतराव्यात संदेष्टा म्हणतो. तेहतिसाव्यात तो देवापासून आलेला आहे असे पुढाऱ्यांच्या तोंडावर सांगतो. अडतिसाव्यात त्याला प्रभू म्हणून त्याला नमन करतो.

प्रत्येक पायरीवर त्याला किंमत द्यावी लागली. शेजाऱ्यांनी ओळख नाकारली, आईबाप भीतीने बाजूला झाले, शेवटी सभास्थानातून हाकलून दिले. आयुष्यभर ज्या लोकांत बसून भीक मागितली ते लोक डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले त्याच सुमारास तो त्यांना पारखा झाला. आणि तो बाहेर टाकला गेला हे ऐकून प्रभू त्याला शोधत आला. नवीन विश्वासी जेव्हा घरातून तुटतो, बाजारात त्याच्याशी कोणी बोलत नाही, तेव्हा त्याला हे वचन वाचून दाखवावे. आणि प्रभू शोधत आला तसे आपणही त्याच्या दारी जावे. नुसते वचन वाचून परत येऊ नये.

४. डोळस आंधळे कसे झाले (वचने १३-४१)

हा अध्याय वाचताना कोण काय ठाऊक आहे म्हणतो ते मोजून पाहा. तो मनुष्य तीनदा आपले अज्ञान कबूल करतो. येशू कोठे आहे ठाऊक नाही, तो पापी आहे की नाही ठाऊक नाही, देवाचा पुत्र कोण तेही ठाऊक नाही. एकच गोष्ट तो सोडत नाही, की पूर्वी दिसत नव्हते आणि आता दिसते. परूशी मात्र चोविसाव्या व एकोणतिसाव्या वचनांत, आम्हाला ठाऊक आहे, असे ठासून सांगतात. न कळणाऱ्याची दृष्टी वाढत गेली आणि सगळे कळणाऱ्यांची कमी होत गेली. सोळाव्या वचनात त्यांच्यातही मतभेद होता, म्हणजे थोडा प्रकाश आत येत होता. पुढे त्यांनी दार लावून घेतले. ज्याची मेजवानी करायची त्याची त्यांनी चौकशी केली, कारण शब्बाथाचा नियम त्यांना दिसत होता आणि माणूस दिसत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून शिकलेला एक फरक येथे उपयोगी पडतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. पिकला की बाहुली पांढरी दिसते आणि समोरच्या माणसालाही कळते. रोगी स्वतःच म्हणतो, मला दिसत नाही. काचबिंदू निराळा. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, समोरचे बराच काळ नीट दिसते. दृष्टी कमी होते ती कडेने. माणूस चौकटीला खांदा आपटतो, शेजारी उभा असलेला त्याच्या लक्षात येत नाही, तरी तो म्हणतो, माझे डोळे चांगले आहेत. तपासणी केल्याशिवाय तो कळत नाही.

परूश्यांचे आंधळेपण असे होते. शास्त्राचा पट समोर स्वच्छ दिसत होता आणि कडेला बसलेला भिकारी दिसेनासा झाला होता. शेवटी प्रभूने त्यांना सांगितले त्याचा आशय असा, की तुम्ही आंधळे असता तर तुम्हाला पाप नसते, पण आम्हाला दिसते म्हणता म्हणून तुमचे पाप तसेच राहते.

५. मंडळीच्या बाकावर

आपण डोंगरातल्या आपल्या बांधवांविषयी बोलताना ते अंधारात आहेत असे सहज बोलून जातो. आपल्या प्रार्थनांतही ते येते. पौल २ करिंथ ४:४ मध्ये अविश्वासी मने आंधळी झाल्याविषयी लिहितो हे खरे, आणि म्हणूनच सुवार्ता सांगायची आहे. पण लावदिकीया येथील पत्र (प्रकटीकरण ३:१४-२२) मंडळीला आहे. ते श्रीमंत शहर होते, त्या भागात वैद्यकशाळा होती. अशा मंडळीला प्रभू आंधळी म्हणतो आणि डोळ्यांत घालायचे अंजन आपल्याकडून विकत घ्यायला सांगतो.

पंडिता रमाबाईंचा अनुभव आपल्या महाराष्ट्रातला आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या संस्कृतच्या पंडिता, बायबल वाचणाऱ्या, विधवांसाठी घर उघडणाऱ्या. तरी आपल्या साक्षीत त्या लिहितात त्याचा सारांश असा, की पुढील सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. त्या काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. १८५१ मध्ये स्वतःच उपदेश करत असता या पाळकाला तारणाची ओळख पटली होती. पाळकाचे असे होऊ शकते, रमाबाईंचे होऊ शकते, तर तुमचेआमचे का होणार नाही? पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घर मिळाले, त्यांत अंधही होत्या. ज्यांना ख्रिस्त दिसला त्यांना कडेला बसलेली माणसेही दिसू लागली.

बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या यादीतले नाव, दर महिन्याची वर्गणी, ही सर्व चांगली आहेत. आपल्या देणग्यांमुळेच शिबिरे होतात, त्यांबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण यांपैकी एकानेही डोळे उघडत नाहीत.

६. मग तारण कसे मिळते?

मागच्या वर्षी शिबिरात एक आजी आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया सांगितल्यावर त्यांनी विचारले, मला काय करावे लागेल? परिचारिका म्हणाली, आजी, तुम्ही फक्त निजून राहायचे, हलायचे नाही, करणारे डॉक्टर आहेत. गढूळ भिंग काढून नवे बसवायचे काम रोग्याला करता येत नाही. थेंब घालून मोतीबिंदू जात नाही, चष्म्याने जात नाही, रोगी कितीही भला असला तरी जात नाही. रोग्याने दोनच गोष्टी करायच्या असतात. मला दिसत नाही हे मान्य करायचे, आणि स्वतःला डॉक्टरच्या हाती द्यायचे.

इफिस २:८-९ हेच शिकवते. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून मिळते. पश्चात्ताप म्हणजे प्रभू, मी आंधळा आहे हे मान्य करणे. विश्वास म्हणजे ज्या ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्या पापांचा दंड सोसला त्याच्या हाती स्वतःला देणे. सत्कृत्ये त्यानंतर येतात, दिसू लागलेला माणूस चालू लागतो तशी.

विचार व चर्चा करण्यासाठी

१. मला ठाऊक आहे असे मी कोणत्या गोष्टीविषयी म्हणत आलो आहे, जी मी प्रभूला पुन्हा विचारली पाहिजे?
२. माझ्या नजरेच्या कडेला कोण आहे? घरकाम करणारी बाई, मंडळीत मागच्या बाकावर बसणारा, बोलणे तुटलेला भाऊ?
३. पूर्वी दिसत नव्हते, आता दिसते, अशी माझी स्वतःची साक्ष दोन वाक्यांत मला सांगता येईल का? येत नसेल तर आज प्रार्थनेत प्रभूशी बोलावे. आपल्या पाळकांशी बोलण्यातही संकोच करू नये.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू जगाचा प्रकाश आहेस. आम्हाला दिसते हा आमचा अभिमान काढून टाक. आमच्या पापांची क्षमा कर आणि आमचे डोळे उघड, म्हणजे आम्ही तुला पाहू आणि ज्यांच्याजवळून तू थांबल्याशिवाय पुढे गेला नाहीस त्यांनाही पाहू. पाड्यापाड्यांवरील लेकरांचे डोळे सांभाळ. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.